अंगठ्याचे २५ टक्के

उजवा हात कोपरातून किंवा त्याच्यावर तुटला तर ७० टक्के. डावा हात तसाच तुटला तर ६०. गुडघ्याखाली पाय गेला तर ५०, दोन्ही कानांची श्रवणशक्ती कायमची गेली तरी ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. एका पायाची सगळी बोटे २०. तर्जनी १०, पायाचा अंगठा १०, आणि तर्जनी सोडून हाताचे दुसरे कोणतेही बोट ५.

हा तक्ता कुठल्या वैद्यकीय पुस्तकातला नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची ही पहिली अनुसूची. १ जुलै १९२४ रोजी हा कायदा अमलात आला आणि त्या दिवसापासून हिंदुस्थानातल्या गिरणी, रेल्वे आणि खाणकामगाराच्या शरीराला एक अधिकृत भावफलक मिळाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा उजव्या-डाव्या हातातला १० टक्क्यांचा फरक बराच वेळ डोक्यातून जाईना. डावखुऱ्या कामगाराचे काय, असा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. अंगठ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी उजवे-डावे केले नाही. अंगठा कुठलाही असो, २५.

टक्के कशाचे, हे आता सांगायला हवे. काम करण्याची ताकद कायमची आणि पूर्ण गेली तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळायचे. कामगार मेला तर ३० महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, इथेही कमी असेल तेच. समजा, गिरणीतल्या एखाद्याला महिना ३० रुपये पडत होते. त्याचे ४२ महिन्यांचे होतात १२६०. उजवा हात गेला तर त्याचे ७० टक्के, म्हणजे ८८२ रुपये. तोच माणूस मेला तर ३० महिन्यांचे ९०० रुपये. हात गमावलेल्या जिवंत माणसात आणि मेलेल्या माणसात मालकाच्या वहीत १८ रुपयांचे अंतर. अंगठा ३१५ रुपयांचा. अंगठा गेलेल्या माणसाला साच्यावर पुन्हा कोण उभे करणार, हा प्रश्न तक्त्याच्या बाहेरचा.

तरीही या कायद्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या मागचा काळ पाहावा लागतो. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ च्या एप्रिलात धावली आणि १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला. १८४६ च्या इंग्लंडमधल्या कायद्याची ती नक्कल होती. त्याने मृताच्या बायकामुलांना दावा लावण्याचा हक्क दिला, पण दुसऱ्याची चूक, हयगय सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावरच ठेवली. पट्ट्यात धोतराचा सोगा अडकून ओढल्या गेलेल्या माणसाच्या विधवेने मालकाची हयगय दिवाणी कोर्टात सिद्ध करायची, तीही कोर्ट फी भरून. इंग्लंडात तर न्यायालयांनी एक आणखी गाठ मारून ठेवली होती: सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदारच नाही. १८९७ मध्ये तिथे कायदा बदलला आणि नवे तत्त्व आले. चूक कोणाची हे विचारू नका. कामावर असताना, कामामुळे इजा झाली ना, मग भरपाई द्या. ते तत्त्व इकडे यायला आणखी २६ वर्षे लागली. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत सरकारनेच कबूल केले होते की सुधारलेल्या देशांत असा कायदा नसलेला हिंदुस्थान आता जवळजवळ एकटाच उरला आहे, आणि काही उदार मालक स्वखुशीने भरपाई देत असले तरी ती रीत सार्वत्रिक नाही.

याच उद्देशपत्रिकेत एक तपशील सहज येऊन जातो. जुलै १९२१ मध्ये प्रांतिक सरकारांची मते मागवण्यात आली आणि जून १९२२ मध्ये एक समिती बसली. तिच्यात कायदेमंडळाचे सभासद होते, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी होते, आणि त्यांच्याबरोबर वैद्यकीय आणि विमा क्षेत्रातले जाणकारही होते. म्हणजे कायदा जन्माला येण्याआधीपासून विम्याची खुर्ची त्या टेबलाशी मांडलेली होती. यात वावगे काही नाही. टक्क्यांचा तक्ता नसेल तर विमा उतरवता येत नाही. जखमेची किंमत आधी ठाऊक असेल तरच हप्ता ठरतो. चूक विचारायची नाही हे तत्त्व कामगारासाठी जितके उपकारक तितकेच विम्यासाठी सोयीचे. मुंबईच्या गिरणीमालकांनी तर आपसांत मिळून विम्याची परस्पर सहकारी व्यवस्थाच उभी केली.

मात्र या विम्याचा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होता. ज्याचे बोट तुटायचे तो त्यात कुठेच नव्हता. त्याच्या शरीरावर करार, पण त्याची सही नाही, त्याला प्रत नाही, अनेकदा त्याला पत्ताही नाही. पुढे मोटारींच्या कायद्यात अशा माणसाला ‘थर्ड पार्टी’ म्हटले गेले. मराठीत त्याचे भाषांतर ‘तृतीय पक्ष’ असे करतात. आपला जुना शब्द जास्त खरा आहे: तिऱ्हाईत.

१९२३ च्या कायद्यात विम्याचा उल्लेख शोधायला गेलो तर तो ठळकपणे सापडतो कलम १४ मध्ये. मालकाचे दिवाळे निघाले, तर विमा कंपनीविरुद्धचे त्याचे हक्क कामगाराकडे जातील. एरवी कामगाराने मालकाकडे पाहायचे आणि मालकाने कंपनीकडे. मालक बुडाला तरच तिऱ्हाइताला दार उघडते.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कलमे पैशाच्या रकमेची नाहीत. ती पावतीविषयी आहेत. कलम ८ म्हणते, कामगार मेला असेल तर भरपाईची रक्कम मालकाने आयुक्ताकडेच जमा करायची. थेट वारसांच्या हातावर ठेवलेली रक्कम भरपाई दिली म्हणून धरली जाणार नाही. कलम २८ म्हणते, कायमच्या इजेबद्दल मालक-कामगारांत तडजोड झाली तर तिचे टिपण आयुक्ताकडे नोंदवायचे. रक्कम अपुरी वाटली, किंवा फसवून, दडपण आणून संमती घेतलेली दिसली, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतो. आणि कलम १७: या कायद्यातला हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल.

ही कलमे का घातली गेली असतील, हे गिरणगावाचा थोडाफार इतिहास वाचलेल्याला सांगायला नको. भरती करणारा जॉबर, उधारी देणारा वाणी, व्याजाने पैसे लावणारा पठाण, गावाहून धावत आलेला दीर, यांच्या गराड्यात कोकणातल्या एखाद्या खेड्यातली विधवा उभी. तिच्यापुढे कागद येतो. कागद इंग्रजीत. खाली आपल्याकडच्या दस्तांची नेहमीची जागा: ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. ज्या अंगठ्याची किंमत तक्त्यात २५ टक्के, त्याच अंगठ्याचा ठसा उमटला की सगळे शंभर टक्के संपले. ठसा आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी या कायद्याने ओळखले होते. आजच्या मोठमोठ्या विमा पॉलिसी वाचताना मला तेवढी ओळख दिसत नाही.

अर्थात फटीही होत्या. कायद्याने सुरुवातीला पहिल्या दहा दिवसांच्या इजेचे काहीच दिले नाही. आठवडाभर घरी बसवणाऱ्या जखमा कारखान्यात सर्वांत जास्त होतात, त्या सगळ्या यातून निसटल्या. महिना ३०० रुपयांवर पगार असलेला कारकून-वर्ग कायद्याबाहेर. ठरावीक धंदे सोडले तर शेतमजूर, हमाल, घरगडी, सगळे बाहेरच. दारू प्यालेला होता, सूचना मुद्दाम मोडली, यंत्राचे संरक्षक जाळे मुद्दाम काढले, हे तीन बचाव मालकाच्या हाती. मेलेला माणूस याला उत्तर कसे देणार? व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या कायद्याची उलटतपासणी केली. त्या आयोगात आपले ना. म. जोशी सभासद होते. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारा, परळच्या चाळी पायाखाली घातलेला हा माणूस. १९३३ च्या दुरुस्तीने दहा दिवसांचे सात झाले आणि मृत्यूच्या बाबतीत ते तीन बचाव गेले. आज ती मुदत तीन दिवसांची आहे.

जखमी माणूस आणि विमा कंपनी यांच्यामधला हा व्यवहार मुळातच मोडून काढायचा प्रयत्न एकदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. तिथे खासगी कंपनी नाही, मालकाशी घासाघीस नाही. वर्गणी महामंडळाकडे, टक्केवारी वैद्यकीय मंडळाकडे, आणि कायमच्या अपंगत्वाला एकरकमी पैशाऐवजी जन्मभर नियमित रक्कम. एकरकमी पैसे सावकाराच्या घरी जातात हे ठाऊक असलेल्यांनी केलेली ही योजना होती. ई.एस.आय.च्या दवाखान्यांबद्दल आपण सगळेच कुरकुरतो, मीही कुरकुरलो आहे. पण जखमी माणसाला तिऱ्हाईत न मानता विमेदार मानणारी ती आपल्याकडची पहिली मोठी व्यवस्था होती, हे त्या कुरकुरीत विसरले जाते. मर्यादा एवढीच की ठरावीक संख्येहून कमी माणसे असलेल्या कारखान्याला ती लागू नव्हती आणि आजही नाही.

कारखान्याबाहेर रस्त्यावर मात्र तिऱ्हाईतच राहिला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला गेला, पण ते प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडले. कोर्ट तेच, दिवाणी. फी तीच, दाव्याच्या रकमेवर. स्वतंत्र अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने आली. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. राज्य परिवहनाला स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट मिळण्याची सोय कायद्यात होती, त्यामुळे एस.टी.खाली सापडलेल्याची गाठ विमा कंपनीशी न पडता सरकारी महामंडळाशी पडे. ती सोपी असे असे समजू नये. १९७९ मध्ये हरियाणातल्या एका विधवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे खुद्द राज्य सरकार भांडत होते. मुद्दा काय, तर सरकारी बसने नवरा गमावलेल्या बाईने कोर्ट फी भरलीच पाहिजे. न्यायमूर्तींनी सरकारला चांगलेच सुनावले आणि निर्धनांना फीमाफीने दावा लावण्याची दिवाणी संहितेतली सवलत न्यायाधिकरणातही लागू असल्याचे मान्य केले.

कंपन्यांनी कोणकोणत्या वाटा चोखाळल्या, हे निकालपत्रे ओळीने वाचली की कळते. पहिली वाट, अपघात चालकाच्या चुकीने झालाच नाही असे कंपनीने स्वतः भांडणे. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. कायद्याने नमूद केलेले मोजके बचाव सोडून कंपनीला दुसरे काही म्हणता येणार नाही. पुढच्या दुरुस्तीने अर्धे दार पुन्हा उघडले: मालक आणि जखमी यांचे संगनमत असेल किंवा मालक लढतच नसेल, तर परवानगीने कंपनी सगळे बचाव घेऊ शकते. मालक बहुधा लढत नाहीच. विमा आहे ना, मग तारखांना कशाला जा.

दुसरी वाट जास्त रुंद. माणूस ‘तिसरा पक्ष’ नाहीच, असे म्हणायचे. १८ डिसेंबर १९६० ला नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली आणि आतला प्रवासी गेला. गाडी एका कंपनीची, चालवणारा तिचाच मॅनेजर. प्रवाशाच्या विधवेचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९७७ मध्ये. झाडावर गाडी आपटते याहून हयगयीचा पुरावा काय हवा, असे न्यायालयाने मानले. मालक जबाबदार ठरला. पण विमा कंपनी? गाडीतला फुकट प्रवासी सक्तीच्या विम्यात मोडत नाही. पॉलिसीत प्रवाशांसाठी जादा घेतलेले संरक्षण माणशी १५ हजारांचे, तेवढेच कंपनीने द्यायचे. १६ वर्षे, आणि १५ हजार.

हाच मुद्दा मालट्रकमध्ये बसून जाणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा आला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कंपनी जबाबदार. २००२ मध्ये मोठ्या पीठाने सांगितले, नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असेल तरच. आपल्याकडे दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे डोळ्यांसमोर आणावीत. पुढे बसलेला मुकादम, मागे भांड्याकुंड्यांवर बसलेली बाई, तिच्या मांडीवरचे मूल. ट्रॉली उलटली तर यातला कोण मजूर, कोण प्रवासी, कोण मालाचा प्रतिनिधी, यावर पॉलिसी लागू होते की नाही ते ठरते.

१९७१ च्या मे महिन्यात सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मालकी बदलली, वकीलपत्रे तीच राहिली. चूक सिद्ध न करता थोडीतरी रक्कम ताबडतोब हाती पडावी, ही तरतूद मोटार अपघातात आली १९८२ मध्ये: मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. कारखान्यात १९२४ पासून असलेले तत्त्व रस्त्यावर यायला ५८ वर्षे.

आता पुन्हा टक्क्यांकडे. १९६८ मध्ये एका सुताराचा सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडून डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, तक्त्यात एवढे टक्के लिहिले आहेत, तेवढे घ्या. आयुक्त म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही. याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली. ९८०० रुपये, वर वेळेत न दिल्याबद्दल निम्मा दंड आणि व्याज. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये हरला. तक्त्यातले टक्के शरीराचे असतात आणि पोट शरीराच्या टक्क्यांवर चालत नाही, हे तिथे एकदाचे लिहिले गेले. २०१० मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांनी मोटार अपघातांसाठी तोच विचार आणखी सोपा करून मांडला: डावा हात गेलेला चालक आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून, दोघांच्या दाखल्यावर ६० टक्केच लिहिलेले असते, पण चालकाचे सगळेच गेले, कारकुनाची नोकरी टिकू शकते. ज्यांना अपंगत्वाचा दाखला काढायची वेळ येते त्यांनी डॉक्टरला आपला धंदा काय ते सांगावे आणि तो साक्षीला येईल हे पाहावे. नुसता कागद कंपनीचा वकील दोन प्रश्नांत मोडीत काढतो. आणि मुदत पाहावी. मोटार अपघाताच्या अर्जाला १९९४ पासून काही मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून ती सहा महिन्यांची झाली आहे. हाड जुळायलाही कधी कधी तेवढे महिने लागतात.

हा विषय मी हाती घेतला तो पुस्तकांमुळे नव्हे. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर काम करणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. २०२१ मध्ये, ३० वर्षांचा असताना, त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. शॉप लहान, माणसे नऊ, त्यामुळे ई.एस.आय. नाही. मालकाने कामगार भरपाईची पॉलिसी घेतलेली होती, पण ती सहा माणसांची. नऊ दाखवली तर हप्ता वाढतो. दवाखान्याचे बिल मालकाने भरले, वर ४० हजार रोख दिले आणि एका कागदावर सही घेतली. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डावा अंगठा.

आजच्या तक्त्यात हाताची दोन बोटे म्हणजे २० टक्के. अंगठा आता ३० झाला आहे आणि उजव्या-डाव्याचा भेद गेला आहे. हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात. त्याचे ६० टक्के ९ हजार, ते गुणिले तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८. याचे २० टक्के होतात ३ लाख ७४ हजार ३६४ रुपये. मी हा हिशेब त्याच्या घरी बसून त्याच्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला, तेव्हा तो म्हणाला, “काका, पण मी अंगठा दिलाय ना.” मी त्याला कलम २८ आणि २९ वाचून दाखवले: नोंदणी न झालेली तडजोड मालकाला पूर्ण जबाबदारीतून सोडवत नाही, आयुक्ताने वेगळे सांगितले नाही तर दिलेल्या रकमेतली फार तर निम्मी वजा होते. १९२३ मधल्या कुणा मसुदाकाराने कोकणातल्या विधवेसाठी लिहिलेले वाक्य शंभर वर्षांनी एका प्रेस-ऑपरेटरच्या उपयोगी येत होते. दोन वर्षांची मुदत संपायला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

अर्ज दाखल झाला. कंपनीचे लेखी म्हणणे आले आहे: अर्जदार विमा उतरवलेल्या सहा कामगारांपैकी असल्याचे त्याने सिद्ध करावे. हजेरीपट मालकाकडे, आणि मालक तारखांना येत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.